उभ्या महाराज

आषाढ शुद्ध १०, वढवाण

आज माझी मुलगी गावात आली.

मुलगी म्हणायचं नाही. साध्वी प्रशमरेखाश्रीजी महाराज म्हणायचं, समोरून आल्या की हात जोडून बाजूला व्हायचं. पण ही वही माझी आहे, इथे मी कृपालीच लिहिणार. दीक्षा घेतली तेव्हा वीस वर्षांची होती, त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात चारदा दर्शन झालं, तेही परक्या गावी, दहा बायकांच्या मागे उभं राहून. यंदा तिच्या गुरुणींनी, मोठ्या महाराजांनी, आमच्या गावाची विनंती मानली. पावसाळ्याचे चार महिने त्या पाचजणी आमच्याच गल्लीच्या टोकाला उपाश्रयात, जैन साध्वींच्या उतरायच्या जागी, राहणार. कार्तिकी पौर्णिमेला निघाल्या की पुन्हा इकडे कधी, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं.

ढोल वाजत होते. मी डोक्यावर कलश घेऊन पुढे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, बाकीच्या बायकांकडे पाहिलं तसंच. "धर्मलाभ," म्हणाली. मी मान लववली. घरी येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

हे बाहेरून म्हणाले, "वीरा, रड हवं तेवढं, पण दाळढोकळी खाली लागतेय." लागलीच होती.

आषाढ शुद्ध १४

चातुर्मास बसला. आता तिच्याजवळ बसायचं तर माझ्यासाठी एकच वेळ आहे, संध्याकाळचं प्रतिक्रमण. दिवसा ती तिच्या वाचनात, गोचरीत म्हणजे घरोघरच्या भिक्षेत असते, बायकांचा घोळका असतो, आणि माझ्याशी वेगळं बोलायला तिला तरी काय कारण? प्रतिक्रमणाला मात्र सगळ्याजणी सूर्य मावळता आसनं टाकून ओळीत बसतात. दिवसभरात जे काही चुकलं त्याची माफी मागायची, मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. उपाश्रयात दिवा नाही, पंखा नाही. अंधारात कोण कुणाची कोण, हे दिसत नाही. मी बरोबर तिच्यामागची जागा धरली. हात पुढे केला तर तिच्या पांढऱ्या चादरीला लागेल एवढी जवळ.

आणि माझ्या मेल्या पायांनी घात केला.

गेल्या दोन वर्षांपासून हे सुरू आहे. दिवेलागण झाली आणि मी बसले, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं होतं, लोकांना सांगता तरी आलं असतं. पाय हलवला की सुटतं, थांबवला की पुन्हा येतं. चालायला लागलं की जणू काही झालंच नव्हतं. हे म्हणतात, "तुझे पाय म्हणजे शिलाईचं मशीन आहे वीरा, एखादी गोधडी तरी शिवून दे."

आज निम्म्यावर उठावं लागलं. सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत अंगणात आले आणि घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिले. बाहेर आल्यावर शेजारच्या रसीलाबेन म्हणाल्या, "काय हो, गॅस चालू राहिला होता का घरी?" त्यांना काय सांगू, गॅस माझ्या पायांतच आहे.

श्रावण शुद्ध ३

रोज जाते. कधी अर्ध्यात उठते, कधी दात आवळून शेवटपर्यंत बसते. टाचा आसनावर घासत बसते, लोकरीवर खरखर आवाज होतो. त्या शांततेत तो आवाज एवढा मोठा वाटतो, की साऱ्या उपाश्रयाला ऐकू जात असेल. लाजेनं मरायची पाळी.

आणि माझ्यापुढे माझीच लेक. विधी उभ्यानं करायचा असतो, पण म्हाताऱ्या बायका सोडा, धडधाकट पोरीसुद्धा बसून उरकतात. कृपाली मात्र जमेल तेवढा उभ्यानंच करते. रात्रीही ती काउसग्गात उभी असते म्हणे. हात खाली सोडायचे, देहाची आठवण टाकून द्यायची आणि उभं राहायचं. बाकीच्या चौघी झोपतात, ही भिंतीपाशी उभी. म्हणून गावोगाव तिला 'उभ्या महाराज' म्हणतात. दीक्षेनंतर दुसऱ्या वर्षी आम्ही बोटादला गेलो होतो, तेव्हा पहाटेच्या अंधारात मी स्वतः पाहिलं होतं. तिथेच जमिनीला डोकं टेकलं होतं. माझ्या पोटी हे रत्न कसं आलं याचं नवल वाटतं. लहानपणी घटकाभर स्वस्थ बसत नव्हती. रात्री अशा लाथा झाडायची, की मी माझा पाय तिच्या पायांवर आडवा टाकून तिला झोपवायची. शाळेच्या पाटीवरच्या पेन्सिली खायची, भिंतीचा चुना चाटायची. त्या मुलीनं देह असा जिंकला.

मी तिची आई, आणि मला दोन घटका बसता येत नाही.

श्रावण शुद्ध ९

गावातल्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं. लोह कमी आहे म्हणाले. लाल कॅप्सूल दिल्या. हे औषधवाल्याकडून चौकशी करून आले, की कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडाकातड्याचं असतं. मग काय, मी टरफल उघडून फेकून देते आणि आतली पूड सकाळच्या गरम दुधात ढवळून घेते. आमच्या घरात औषध म्हणजे दुधाबरोबर, सासूबाईंच्या वेळेपासून. दात काळे पडायला लागले आहेत. हे म्हणाले, हसू नकोस, पोरं घाबरतील.

श्रावण वद्य ५

काडीचा फरक नाही. सुरेंद्रनगरला झाला आडनावाचे मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. मिशा बघून मला वाटलं हा माणूस ओरडेल. पण त्यांनी माझं सगळं ऐकलं, आणि मी पाय कसे वळवळतात ते सांगताना मधेच म्हणाले, "चाललं की थांबतं. संध्याकाळी जास्त. बरोबर?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला वेडी ठरवलं नाही.

मग त्यांनी खाणं विचारलं. पालेभाजी खा म्हणाले. म्हटलं, चातुर्मासात बंद. बीट खा. म्हटलं, जमिनीखालचं आम्ही खात नाही. खजूर? म्हटलं, फाल्गुनापासून कार्तिकापर्यंत तोही बंद. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वीरबाळाबेन, तुमच्या पंचांगात लोह येतं तरी कुठल्या महिन्यात?"

हे असे काही खो खो हसले, की बाहेरचे पेशंट डोकावले. माती, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का, हेही विचारलं. कच्चे तांदूळ मी वीस वर्षं खाते, पण त्याचा पायांशी काय संबंध असेल असं कधी मनातही आलं नाही. दुधाचं ऐकून मात्र त्यांनी कपाळावर हात मारला. दूध आणि चहा लोहाला अंगी लागू देत नाहीत म्हणे. इतके दिवस घेतलं ते सगळं पाण्यात, म्हणजे दुधात गेलं. आता लोहाची साधी गोळी, रिकाम्या पोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर. दूध-चहा नंतर बऱ्याच वेळानं. गुण यायला महिने लागतील. तोवर पायांसाठी एक बारीक पांढरी गोळी. ती मनानं वाढवायची नाही. पाय दुपारपासूनच वळवळायला लागले किंवा मला भलतंसलतं विकत घ्यायची हुक्की आली तर लगेच कळवायचं. हे म्हणाले, ते तर लग्नापासून आहे.

एकच अडचण. ती गोळी पाय सुरू व्हायच्या तासदोन तास आधी घ्यायची, आणि रात्री लागली तर आणखी अर्धी. माझा चौविहार आहे. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून एकदाही मोडलेला नाही, ताप असताना नाही, बाळंतपणात नाही.

श्रावण वद्य ८

चौविहाराचं विचारायला दुपारी उपाश्रयात गेले. मुद्दाम मोठ्या महाराजांकडे न जाता तिच्याकडे गेले. खोटं कशाला बोलू, तेवढंच निमित्त.

तिनं खाली बघतच ऐकलं. मी पुरतं सांगायच्या आतच म्हणाली, "सूर्य मावळला की वाढतं. पाय दाबले की घटकाभर बरं वाटतं, मग दुप्पट होतं. पाण्यात ठेवले की थांबतं. पहाटे पहाटे आपोआप सोडतं, आणि तेव्हा उठायची वेळ झालेली असते."

मी तोंडाकडे बघतच राहिले. पहाटेचं तर मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. यालाच ज्ञान म्हणत असावेत.

कुठल्याही संसारी बाईला म्हणतात तसं म्हणाली, "श्राविका, तुम्ही दुविहार घ्या. त्यात रात्री पाणी आणि औषध मोकळं असतं. संसारी माणसाला ती सोय आहे, ती वापरायची."

इतक्या वर्षांचा चौविहार, आणि माझ्याच लेकीनं मला एक पायरी खाली उतरवलं. मला राग आला. बोलून गेले, "तुम्ही रात्ररात्र उभ्या राहता, आणि मी दोन गोळ्यांसाठी व्रत सोडू?"

ती उठली आणि खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालत पोथी म्हणायला लागली. मला वाटलं, मी जावं असं सुचवतेय. आले.

भाद्रपद शुद्ध ४

आज संवत्सरी. पर्युषणाचे आठ दिवस कृपालीनं उपास केला, आठही दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही उन्हं असेतोवर. रात्री मात्र रोजच्यासारखी उभी. गर्दी लोटली होती. सुरतेहून माणसं आली, पहाटे चारला अंधारात रांग लावून तिचं उभं दर्शन घेत होती. रसीलाबेनच्या नणंदेनं तर तिच्या पायांखालची धूळ पुडीत बांधून नेली.

चेहरा मेणासारखा झालाय तिचा. ओठ पांढरे पडलेत. सगळ्या म्हणतात, तपाचं तेज आहे. मीही म्हणते.

मी दुविहार घेतला. रागानं घेतला, पण घेतला.

आज सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागायचा दिवस. तिच्यापुढे हात जोडून मी म्हटलं, कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. तिनंही तेच म्हटलं. हे दारातूनच म्हणाले. पुरुषमाणूस, बाप असला तरी आत जाऊन जवळ बसता येत नाही. रोज संध्याकाळी हे समोरच्या ओट्यावर येऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, घरापेक्षा इथे वारा चांगला लागतो. आमच्या घराला चार खिडक्या आहेत.

भाद्रपद वद्य ११

गोळी गुणाची आहे. एक सूर्य मावळायच्या बरीच आधी घेते. काल प्रतिक्रमणात फक्त एकदा पाय झाडले. आज दोनदा. डॉक्टर झालांना फोन केला तर म्हणाले, लोह अजून भरायचंय, गोळीवर फार विसंबू नका.

आश्विन शुद्ध १२

सुरेंद्रनगरला पुन्हा जाऊन आलो. रक्तात लोह वाढलंय. डॉक्टर खूश होते. उठता उठता विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का हे? आई, बहीण, मुलगी? रक्तातून येतं पुष्कळदा. काहींना तर लहानपणापासून असतं, आईबाप म्हणतात पोर वळवळं आहे."

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमच्यात नाही हो कुणाला. एकच मुलगी, ती साध्वी आहे. रात्रभर काउसग्गात उभी असते. लोक लांबून दर्शनाला येतात."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "रोज रात्री?" म्हणाले.

"रोज," मी म्हटलं. "एक रात्र चुकत नाही."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग कागद उलटे केले, मग म्हणाले, बरं. येताना बसमध्ये हे एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, पोट बिघडलं का? म्हणाले, नाही.

कार्तिक शुद्ध १

नवं वर्ष लागलं. साल मुबारक म्हणायला माणसं आली, फराळाचे घुघरे संपले. चौदा दिवस उरले. नको मोजायला.

कार्तिक शुद्ध ११

हातातलं आसनही न ठेवता वही उघडली.

आज पाय शांत होते. म्हणजे अगदी शांत, दोन वर्षांत पहिल्यांदाच. प्रतिक्रमण सुरू झालं, अंधार पडला, मी वाट बघत राहिले की आता येईल, आता येईल. आलं नाही. पाय मांडी घालून माझ्याखाली पडले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. देवा, एवढं सुख झालं.

आणि त्या शांततेत मला आवाज आला. लोकरीवर टाच घासल्याची खरखर. सवयीनं मी माझे पाय आवरले. ते हललेच नव्हते. खरखर चालूच होती. थांबायची, मग एकदम जोरात, मग उभं राहायचा विधी आला की बंद. पुन्हा बसलं की पुन्हा सुरू.

चार महिने मी हा आवाज माझा समजत होते.

तो माझ्यापुढून येत होता.

कार्तिक शुद्ध १२

दुपारी गेले. बाकीच्या गोचरीला निघाल्या होत्या, मोठ्या महाराज पलीकडे माळ फिरवत होत्या. मी तिला वंदन केलं आणि विचारलं. नाव घेतलं नाही, एवढंच म्हटलं, "कधीपासून?"

तिनं आसन सारखं केलं. मग हळू आवाजात बोलली, जणू पोथीतलं वाचून दाखवत असावी. लहान होते तेव्हापासून, म्हणाली. दीक्षा घेतल्यावर वाटलं, दिवसभर चालायचं आहे, सुटेन. दिवसा सुटले. रात्री लाकडाच्या पाटावर आडवं होता येईना. शेजारच्या साध्वींची झोप मोडायला नको म्हणून मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. उभं राहिलं की थांबतं.

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"सांगणार होते. पण त्या पहाटे बोटादला कुणीतरी मला उभी पाहिली आणि जमिनीला डोकं टेकलं. मग दुसऱ्या दिवशी गाव आलं." ती थांबली. "श्राविका, डोकं टेकणाऱ्या पहिल्या तुम्ही होतात."

मला खाली बसवेना आणि उभं राहवेना.

मी म्हटलं, औषध आहे, मला बघा, मी बसते आता. म्हणाली, हे माझं कर्म आहे, भोगून संपवते. मी म्हटलं, मग मला दुविहार का सांगितलात? माझं कर्म नव्हतं का? तिचे ओठ थरथरले. आठ वर्षांची असताना थरथरायचे तसेच.

शेवटी मी मोठ्या महाराजांपुढे गेले आणि आम्हा संसारी लोकांना शोभत नाही तेवढं स्पष्ट विचारलं, की साध्वीला औषध चालत नाही का? त्या शांतपणे म्हणाल्या, "चालतं. मी दम्याचं घेतेच की. पण आजार ज्याचा त्यानं सांगायचा असतो. मी कुणावर लादत नाही." आणि माळ पुढे सुरू केली. त्यांना ठाऊक आहे की नाही, मला कळलं नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला सुरेंद्रनगरलाच कळलं होतं." मग का बोलला नाहीत म्हणून भांडले. म्हणाले, "तू किती खुशीत सांगत होतीस, वीरा."

कार्तिक शुद्ध १३

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, न तपासता मी औषध सांगणार नाही. रक्त बघू दे, मी स्वतः येतो. पण त्या परवा निघणार. मग म्हणाले, वीरबाळाबेनची ती बारीक गोळी एकदा घेतली तर अपाय होणार नाही, पण खरी गरज लोहाची आहे, पुढच्या गावी कुणाला तरी दाखवाच.

मी लगेच उठून औषधांच्या दुकानात गेले. नवी कोरी गोळ्यांची पट्टी घेतली, लोहाच्या गोळ्या घेतल्या, पिशवीत घालून तरातरा उपाश्रयात गेले आणि तिच्यापुढे धरली. काय ती माझी अक्कल! जन्म गेला साध्वींना वाढण्यात, आणि ऐनवेळी तेवढंच विसरले.

तिनं विचारलं, साऱ्या साध्वी विचारतात तेच. "हे कुणासाठी आणलंत?"

एक शब्द खोटा बोलले असते तर झालं असतं. माझ्यासाठी, म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि अंगवळणी पडलेलं खरं बाहेर आलं. "तुमच्यासाठी."

तिनं हात मागे घेतला. साध्वीसाठी म्हणून विकत आणलेलं, रांधलेलं काही त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी असेल त्यातलंच घ्यायचं. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. पिशवी घेऊन परत आले. वाटेत चप्पल कुठे काढली तेही आठवेना, अनवाणीच घरी पोचले.

कार्तिक शुद्ध १४

आज संध्याकाळच्या गोचरीला ती आमच्या दारी आली, बरोबर एक धाकटी साध्वी. हे उठून भिंतीला टेकले. अकरा वर्षांनी ती त्या उंबऱ्याच्या आत आली. झोपाळा होता तिथेच आहे. तिनं झोपाळ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हे मी पाहिलं.

रोटली दिली, मुगाची डाळ दिली. मग माझा औषधांचा डबा उघडून पुढे ठेवला. त्यात माझी जुनी, कातरलेली पट्टी होती, गेल्या महिन्यात माझ्यासाठी आणलेली.

"हे माझं आहे," मी म्हटलं. "माझ्या पायांसाठी आणलेलं. माझ्यातलं देते."

धाकट्या साध्वीनं नवलानं तिच्याकडे पाहिलं. कृपाली खाली बघत होती. मला वाटलं, आता नाही म्हणणार. उन्हं ओट्यावरून सरकायला लागली होती. मग तिनं पात्र थोडं पुढे केलं.

"एकच द्या," म्हणाली. "उद्याचं आम्हाला आज ठेवता येत नाही."

मी एक बारीक पांढरी गोळी तिच्या लाकडी पात्राच्या झाकणावर ठेवली. दुसरी हातात तशीच राहिली.

जाताना उंबऱ्यात ती वळली. म्हणाली, "श्राविका, दुविहार सोडू नका."

कार्तिकी पौर्णिमा

पहाटे सगळं गाव निरोपाला उपाश्रयाबाहेर. मोठ्या महाराज मला बघून थांबल्या. म्हणाल्या, "आज प्रशमरेखाश्रीजींना मला हलवून उठवावं लागलं. रात्रभर पाटावर कूस बदलली नाही. मला काळजी वाटली, श्वास बघितला."

मी हात जोडले.

मागे कुजबुज चालली होती. मुंबईहून आलेली दोन कुटुंबं दर्शनासाठी पहाटे तीनला उठून बसली होती, आणि भिंतीपाशी कोणी उभं नव्हतं. रसीलाबेन माझ्या कानाशी लागल्या, "शेवटच्या रात्री असं करायला नको होतं हो. केवढी लांबून आली होती माणसं."

"झोपल्या होत्या," मी म्हटलं. "माणूस आहे, झोप लागली."

रसीलाबेननी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अपवित्र बोलले होते.

लिंबडीच्या रस्त्यानं आम्ही गावाच्या वेशीपर्यंत चालत गेलो. ती पुढे होती. अंगात ताकद आल्यासारखी भराभर चालत होती. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. लग्नाच्या वयाची मुलगी नीट झोपून उठली की जशी दिसते, तशीच. तिनं ते मुंबईवाल्यांचं ऐकलं होतं का, मला ठाऊक नाही. वेशीवर निरोपाचं मांगलिक स्तोत्र म्हणून झालं. हे सगळ्यांत मागे उभे होते, टाचा उंचावून बघत.

कार्तिक वद्य २

दोन दिवस पायांना काही झालेलं नाही. डॉक्टरांची लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा उशिरा घेते. दुपारी निजले तर चक्क घोरले, असं हे म्हणतात.

आत्ता रसीलाबेन आल्या होत्या. फुलून गेल्या होत्या. त्यांच्या लिंबडीच्या भावाचा फोन आला. तिथे आधीच फलक लागला होता म्हणे, उभ्या महाराज येणार म्हणून. वढवाणच्या शेवटच्या रात्रीची बातमीही पोचली होती, लोक जरा नाराज होते. पण काल संध्याकाळपासून महाराज उभ्याच आहेत. सगळं लिंबडी लोटलंय. "तुमच्या लेकीनं लाज राखली हो गावाची," असं म्हणून रसीलाबेननी लिंबडीच्या दिशेला वळून हात जोडले.

माझेही हात उठले. अर्ध्यावर होते तेव्हा मला बोटादची पहाट आठवली. मी ते खाली घेतले आणि मांडीखाली दाबून धरले.

त्या गेल्यावर हे म्हणाले, गोळी घे, उन्हं गेली. घेतली.

पाय गप्प आहेत. तेच सहन होत नाही.